‘आई, माझ्यामागे हिला सांभाळशील ना?’ असे लेक विचारते तेव्हा

सांगली जिल्ह्यातील एका आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला गाभा असा:

‘थोरल्या मुलीच्या लग्नाला सहा वर्षे झाली. ती पुण्याजवळ राहते. तिला चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात गर्भ गेला, तेव्हापासून ती बोलेनाशी झाली आहे. मुलगा नाही म्हणून सासूबाई टोचून बोलतात. जावई मारत नाहीत. पण त्यांनी नोकरी सोडायला लावली, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवले आणि रात्री तिचा फोन तपासतात. दिवाळीला आली तेव्हा लग्नातला शालू, दोन बांगड्या आणि नातीचा जन्मदाखला माझ्या कपाटात ठेवून गेली. निघताना म्हणाली, “आई, माझ्यामागे हिला सांभाळशील ना?” मी हसून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून झोप नाही. यजमान म्हणतात, भांड्याला भांडे लागतेच, तू तिच्या डोक्यात नको ते भरवू नकोस. खरेच, मी विचारले तर तिच्या मनात नसलेले येईल का? घरात मुलगा-सून आहेत, धाकटीसाठी स्थळे पाहतो आहोत. थोरलीला परत आणले तर लोक काय म्हणतील? आणि पोलिसांचे काही लचांड मागे लागेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आजच हवे आहे. बाकीच्यांना काही आठवडे मिळाले तरी चालेल. म्हणून तुमचा क्रम मोडून त्या एकापासूनच सुरुवात करते. तिला विचारा. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने ती कल्पना मनात रुजते ही भीती घरोघरी आहे, डॉक्टरांनाही ती असते. पण या विषयावर झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. ज्याच्या मनात हा विचार आधीपासून घोळत असतो, त्याला कोणी स्पष्ट शब्दांत विचारले की बहुधा हायसेच वाटते, कारण तोवर तो विचार त्याने एकट्याने आणि शरमेने वागवलेला असतो.

दिवाळीला तिने तुमच्या कपाटात जे ठेवले, त्याकडे पुन्हा एकदा पाहा. आपल्या वस्तूंची अशी निरवानिरव करणे ही समुपदेशक गांभीर्याने घेतात अशा खुणांपैकी एक आहे, आणि ‘माझ्यामागे’ हे बोल तिच्या जोडीला आले की ती खूण अधिकच ठळक होते. मात्र याच तीन वस्तूंचा दुसरा अर्थही संभवतो. सासर सोडण्याच्या विचारात असलेली बाईसुद्धा आधी दागिने आणि कागदपत्रेच हलवते. मुलीचा जन्मदाखला तर तिला दुसऱ्या गावी शाळेत घालण्याचा विचार मनात आला की हमखास आठवतो. या दोहोंपैकी कशाची तयारी चालली आहे हे कदाचित तुमच्या लेकीलाही अजून ठरवता आलेले नसेल. अशा अवस्थेतल्या बाईच्या मनात दोन्ही वाटा एकाच वेळी असू शकतात. त्यांतली माहेरची वाट बंद आहे असे तिला वाटू लागले, की धोका वाढतो. ती वाट उघडी असल्याचे तिला कळणे तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्राचे खरे उत्तर तेवढेच आहे. पुढे जे लिहिते आहे ते ती वाट कशी उघडी ठेवायची यासंबंधी आहे.

विचारायचे ते समोरासमोर. फोन रात्री तपासला जातो, तेव्हा व्हॉट्सॲपवर यातले एक अक्षरही लिहू नका, आणि साध्या फोनवरही तिचा आवाज स्पीकरवर नाही याची खात्री नसताना हा विषय काढू नका. नातीला भेटायचे निमित्त करून तुम्हीच जा. संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत थांबू नका, या आठवड्यात जा. यजमानांना किंवा मुलाला सोबत नेऊ नका. भाजी आणायला, देवळात, कुठेही, पण घराच्या चार भिंतींबाहेर तिला अर्धा-पाऊण तास एकटीला गाठा आणि आडवळण न घेता म्हणा, ‘दिवाळीला तू जे बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. तुला जीव नकोसा झालाय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ एवढे विचारून गप्प बसा. ती रडली तर रडू द्या. लगेच काही उत्तर देऊन ती शांतता भरून काढू नका.

‘निदान लेकीकडे बघ’ असे मात्र म्हणू नका, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. आपल्याकडे हे वाक्य फार प्रेमाने म्हटले जाते आणि बोलणाऱ्याला वाटते की आपण जगण्याचे कारण दिले. पण खोल नैराश्यातल्या आईला पुष्कळदा असे वाटत असते की आपण नसलो तर लेकीचे अधिक बरे होईल. अशा वेळी त्या वाक्यातून तिला तुमचा आधार ऐकू येत नाही, ठपका ऐकू येतो. ‘असं अभद्र बोलू नये’ आणि ‘तुला काय कमी आहे’ यांचेही तेच. त्याऐवजी, कधीपासून असे वाटते, कोणत्या वेळी जास्त वाटते, आणि त्यातून आजवर कशाने सावरलीस, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या वाईट रात्री तेच उपयोगी पडणार आहे.

ती ‘हो’ म्हणाली, तर पुढचा प्रश्नही विचारावा लागेल: काही ठरवले आहेस का? विचार येतात आणि जातात असे म्हणाली, तर दोन-चार दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. कसे, केव्हा हे तिने मनाशी ठरवले असेल, किंवा पूर्वी कधी तसा प्रयत्न केला असेल, तर तिला त्या क्षणापासून एकटी सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या, आणि वाहन नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. तिच्या घरातला औषधांचा साठा आणि तुमच्या शेतीच्या घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर गेली पाहिजेत. हे किरकोळ वाटेल, पण आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची किंवा तासांची असते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसल्यामुळे माणसे वाचतात हे जगभर दिसून आलेले आहे.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलणारे समुपदेशक तेथे असतात. तिच्या फोनवरून लावला तर तो क्रमांक नोंदीत राहील, म्हणून भेटीच्या वेळी तुमच्याच फोनवरून लावून द्या. आणि निघण्यापूर्वी दोघींमध्ये एक खूण ठरवा. उदाहरणार्थ, तिने फोनवर ‘आई, लोणच्याला तेल किती घालतेस गं?’ असे विचारले, की त्याचा अर्थ ‘मला आज एकटी ठेवू नकोस, नीघ.’ स्पीकरवर सासूबाईंनी ऐकले तरी त्यात वावगे काही नाही. हजार-पाचशे रुपये तिच्याकडे वेगळे, कोणाला न दिसतील असे राहू द्या. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा एवढ्यात ती लेकीला घेऊन तुमच्या दारात पोचू शकते.

आता तिला झाले आहे काय, याविषयी. चौथ्या महिन्यात गर्भ जाणे हा मृत्यूच असतो, पण त्याला तेरावा नसतो, भेटायला येणारे नसतात. चार दिवसांनी ‘होतं असं, पुढच्या खेपेला बघू’ म्हणून घर पुन्हा कामाला लागते. अशा दुःखातून नैराश्य येऊ शकते, त्यात हार्मोन्सच्या उलथापालथीची भर पडते, आणि बोलेनासे होणे, झोप व भूक बिघडणे, नेहमीच्या कामांतून मन उडणे या त्याच्या सामान्य खुणा आहेत. हा आजार आहे आणि तो बरा होतो. तपासणीत डॉक्टर थायरॉईड आणि रक्तक्षय यांच्याही चाचण्या सांगतील, त्या करून घ्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. त्यामुळे आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडायच्या नाहीत, बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत, आणि सुरुवातीच्या त्या आठवड्यांत तिच्याकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवायचे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि पुण्यात येरवड्याला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे पाऊल टाकले म्हणजे दाखल करतात असा समज आहे, पण बाह्यरुग्ण म्हणून दाखवून घरी परतता येते.

मात्र तिच्या आजाराचे नाव कळले म्हणजे गोष्ट संपली असे मी मानत नाही. तुम्ही लिहिता की जावई मारत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमात हिंसाचाराची व्याख्या मारहाणीपाशी थांबत नाही. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही यावरून अपमान करणे, टोमणे मारणे हे त्या कायद्यात शाब्दिक व भावनिक छळ म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे, आणि स्त्रीला तिच्या हक्काच्या पैशापासून वंचित ठेवणे हा आर्थिक छळ ठरतो. नोकरी गेली, कार्ड गेले, फोन खासगी राहिला नाही. म्हणजे आजारी पडल्यावर माणूस ज्यांचा आधार घेतो त्या साऱ्या गोष्टी तिच्याकडून आधीच काढून घेतलेल्या आहेत. गोळ्यांनी नवरा बदलत नाही आणि न्यायालयाच्या आदेशाने नैराश्य उतरत नाही, म्हणून दोन्ही कामे बरोबरच चालवावी लागतील; फक्त जीव वाचवण्याचे काम आधी.

तुमच्या यजमानांनाही हे वाचायला द्या. भांड्याला भांडे लागते तेव्हा पोचे दोन्ही भांड्यांना पडतात. येथे सगळे पोचे एकाच भांड्याला आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारतात ४५,०२६ महिलांच्या मृत्यूची आत्महत्या म्हणून नोंद झाली आणि त्यांपैकी २३,१७८, म्हणजे निम्म्याहून अधिक, गृहिणी होत्या. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे, २०१६ साली जगात जितक्या स्त्रियांनी आत्महत्या केली त्यांत सुमारे ३७ टक्के भारतातल्या होत्या, आणि आपल्याकडे त्यांत विवाहित स्त्रियांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. लग्न म्हणजे लेकीभोवतीचे संरक्षण, असे गृहीत धरून आपण तिला निरोप देतो. या आकड्यांत ते संरक्षण दिसत नाही. जो बोलून दाखवतो तो करत नाही, ही समजूतही खरी नाही. जीव गमावलेल्यांपैकी पुष्कळांनी आधी कोणाला तरी काहीतरी सांगितलेले असते, आणि ऐकणाऱ्याने बहुतेक वेळा तुमच्यासारखीच वेळ मारून नेलेली असते.

पोलिसांविषयीची तुमची भीती जुन्या कायद्यातून आलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि त्याबद्दल तिच्यावर खटला चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ तसे उरलेलेच नाही. मनात असा विचार येणे हा गुन्हा पूर्वीही नव्हता. उद्या दुर्दैवाने काही घडलेच, तर रुग्णालय पोलिसांना कळवील, पण त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. आणीबाणीच्या रुग्णावर कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता उपचार केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे.

तुम्ही लिहिलेले नाही, पण तुमच्या लेकीच्या मनात बहुधा असेल अशी एक भीती आहे: ‘डॉक्टरकडे गेले तर वेडी ठरवतील आणि मुलगी काढून घेतील.’ अशी धमकी सासरी दिलीही जाते. त्याच २०१७ च्या अधिनियमाप्रमाणे मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी भ्रमिष्ट ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावे लागते. आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडेच असतो. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. कागद मात्र तिच्या घरी ठेवू नका. कपाटात शालूशेजारी जागा आहे.

जावयांना जाब विचारायला आत्ता जाऊ नका, मुलालाही जाऊ देऊ नका. बाई घर सोडण्याच्या बेतात आहे हे कळले की नियंत्रण ठेवणाऱ्या पुरुषाचा जाच पुष्कळदा वाढतो, कधी न मारणारा हात उचलतो. आणि तुम्ही भांडून सांगलीला परताल, ती मात्र तेथेच उरेल. आधी ती व नात सुरक्षित जागी येऊ देत. नंतर पुढचे तिने ठरवायचे आहे, तुम्ही नाही. तोवर तुम्ही माहिती काढून ठेवू शकता. महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेच्या जोडीने महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर त्यांची सुरुवात केली, आणि तेथे वर्दीतले पोलीस नव्हे, तर प्रशिक्षित समाजसेवक बोलतात. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय व कायदेशीर मदत एकाच जागी मिळते; त्याची चौकशी १८१ या महिला हेल्पलाइनवर करता येईल. वकिलाच्या खर्चाची काळजी नको, कारण विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो; क्रमांक १५१००. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज केला, तर संरक्षणाचा, त्याच घरात राहू देण्याचा, खर्चाचा आणि मुलीच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. म्हणजे घर सोडले की घरावरचा हक्क सोडला असे होत नाही.

एक सावधगिरीची सूचना येथे हवी. समुपदेशनाच्या नावाखाली काही ठिकाणी अजूनही दोघांना समोरासमोर बसवून ‘थोडं तू घे, थोडं तो घेईल’ अशी मांडवली केली जाते आणि बाईला त्याच संध्याकाळी त्याच घरी पाठवले जाते. जी स्त्री जीव देण्याच्या विचारात आहे तिच्यावर हा प्रयोग करू देऊ नका. समुपदेशकाने तिला आधी एकटीला, पुरेसा वेळ देऊन ऐकले पाहिजे, आणि जिवाच्या धोक्याविषयी स्वतःहून विचारले पाहिजे. तसे होत नसेल तर दुसरीकडे जा.

राहिले लोक आणि धाकटी. ज्या घराला थोरली माहेरी राहते म्हणून धाकटी नको आहे, ते घर धाकटीलाही अडचणीच्या वेळी असेच वागवील, तेव्हा असे स्थळ आपण होऊन गळून पडत असेल तर पडू द्या. मुलगा-सुनेशी मात्र आधी बोला, कारण लेक दारात आल्यावर स्वयंपाकघरातले एक कुजबुजते वाक्य तिला परत पाठवायला पुरेसे होते. तिला कोणती खोली मिळेल, नात कोणत्या शाळेत जाईल, हे त्या दोघांच्या देखत ठरवा. आणि मुलाच्या मनात काही किंतु असेल, तर २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे यजमानांनी त्याला शांतपणे सांगावे. ती कोणाच्या मेहेरबानीने येत नाही.

तुम्ही विचाराल आणि ती ‘छे, काहीतरीच तुझं’ म्हणून हसेल, असेही होऊ शकते. पहिल्याच खेपेला खरे सांगतील अशी सवय आपण मुलींना लावलेली नाही. तेव्हा निश्चिंत होऊ नका आणि उलटतपासणीही घेऊ नका. ‘बरं. पण कधी तसं वाटलं तर रात्री दोनलाही फोन कर, आणि फोन जमला नाही तर सरळ निघून ये, मी काही विचारणार नाही’ असे सांगून ठेवा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारा. ती दिवसांमागून दिवस खिन्न राहून अचानक अगदी शांत, मोकळी वाटू लागली, तर त्याने हायसे वाटून घेण्याआधी त्याच दिवशी तिला भेटा. कधीकधी मनाशी काही पक्के ठरल्यावरही अशी शांतता येते. आणि तुमची स्वतःची झोप उडाली आहे त्याबद्दल १४४१६ वर तुम्हीही बोलू शकता. तो क्रमांक घरच्यांसाठीही आहे, आणि लेकीला भेटायला निघण्यापूर्वी हा प्रश्न कसा विचारायचा, याचा सराव त्यांच्याबरोबर एकदा मोठ्याने करून घेतलात तर प्रत्यक्ष तिच्यासमोर शब्द अडकणार नाहीत.